निर्गुडीचा पाला प्रयोगशाळेत: वेदना आणि सूज यांवरची चाचणी कशी करावी

पाय मुरगळला, गुडघा धरला की निर्गुडीचा पाला तव्यावर शेकून बांधायचा, हे महाराष्ट्रात कोणाला शिकवावं लागत नाही. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात हाच पाला उकळतात. डोकं जड झालं तर सुकी पानं उशीत भरतात, आणि आयुर्वेदिक दुकानात निर्गुडी तेलाची बाटली कायम असते. त्यामुळे फार्मसीच्या महाविद्यालयांत प्रबंधासाठी वनस्पती निवडायची वेळ आली की निर्गुडीचं नाव हमखास पुढे येतं. पुढचा प्रवासही बहुतेक ठरलेला असतो. पाला वाळवायचा, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, रॅटला किलोमागे ४०० मि.ग्रॅ. पाजायचा, पंजाची सूज कमी झाली की शेवटच्या पानावर लिहायचं: 'पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाला.'

तो मिळालेला नसतो. आजीने पाला बांधला होता, पाजला नव्हता. तिने तो गरम केला होता आणि त्यात अल्कोहोल नव्हतं. म्हणजे प्रयोग कदाचित चांगला झाला असेल, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. हा लेख एम.फार्म., एम.एस्सी. किंवा आयुर्वेदात एम.डी. करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण निर्गुडीचं घेतलं असलं तरी पद्धत शेवगा, एरंड, सालई कशालाही लागू होईल.

आधी दावा लिहून काढा

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी एका कागदावर लिहा: कोणता भाग, ताजा की सुका, कशात शिजवलेला, पोटातून की बाहेरून, किती वेळ, आणि नेमक्या कोणत्या दुखण्यासाठी. 'वातावर चांगलं' हे उत्तर नव्हे. मुरगळलेल्या घोट्याची दोन दिवसांची सूज, म्हाताऱ्या माणसाचा झिजलेला गुडघा आणि सकाळी आखडणारा आमवात या तीन गोष्टी शरीरात वेगवेगळ्या रीतीने घडतात आणि त्यांच्यासाठी प्राण्यांमधल्या चाचण्याही वेगळ्या आहेत.

माहिती कोणाकडून घेतली त्याची नोंद ठेवा आणि त्या माणसाला विचारून ठेवा. हळदीचं प्रकरण आठवत असेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद), तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते, जुने लिखित पुरावे देऊन ते १९९७मध्ये रद्द करायला लावलं. तुमच्या प्रबंधातली 'स्थानिक लोकांकडून मिळालेली माहिती' ही ओळ अशा वेळी पुरावा ठरू शकते, म्हणून ती गाव, तारीख आणि वापराची रीत यांसह लिहा. काम भारतीय संस्थेत आणि निव्वळ शैक्षणिक असेल तर जैवविविधता कायद्याची फारशी अडचण सहसा येत नाही. मात्र परदेशी भागीदार असेल, नमुना बाहेर पाठवायचा असेल किंवा पेटंटचा विचार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.

झाड तेच आहे ना?

निर्गुडी, निगडी म्हणजे व्हायटेक्स नेगुंडो. पान हाताच्या बोटांसारखं विभागलेलं, तीन किंवा पाच पर्णिकांचं, खालची बाजू पांढुरकी लवदार, चुरगळलं की उग्र वास. फुलं बारीक, निळसर जांभळी. किनाऱ्यालगत तिची बहीण व्हायटेक्स ट्रायफोलिया आढळते आणि सुक्या पाल्याच्या पोत्यात दोघींतला फरक कोणालाही सहज कळत नाही. म्हणून पाला बाजारातून घेऊ नका, स्वतः तोडा.

ज्या झुडपाचा पाला घेतला त्याचीच फुलांसकट फांदी दाबून वाळवा आणि वनस्पतिसंग्रहात जमा करा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, ही ठिकाणं यासाठी माहितीची आहेत. तिथून मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात आलाच पाहिजे. 'वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ओळख पटवली' एवढ्यावर आता चांगली नियतकालिकं लेख घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दहा वर्षांनी कोणाला शंका आली तर पाहायला नमुना हवा.

जागा, महिना, झाड फुलोऱ्यावर होतं की नाही, पानं कोवळी की जून, हेही लिहा. निर्गुडीतलं बाष्पनशील तेल ऋतूनुसार आणि जागेनुसार बदलतं. सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढा पाला एकदाच तोडा, कारण जूनचा पाला आणि जानेवारीचा पाला एका आलेखावर ठेवता येत नाही.

अर्क

पाला सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून वाळवा. उन्हात रंग जातो आणि वासही जातो. कुरकुरीत झाला की भरड दळा, चाळा, हवाबंद डब्यात ठेवा. ओलावा आणि राख यांचं प्रमाण आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पद्धतीने काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण माती मिसळलेला पाला इथेच पकडला जातो.

आता द्रावक. बहुतेक जण सॉक्सलेट (तेच द्रावक पुन्हा पुन्हा उकळून पाल्यावरून फिरवणारं काचेचं उपकरण) लावून मोकळे होतात. निर्गुडीच्या बाबतीत मला ते पटत नाही. सॉक्सलेटमध्ये अर्क तासन्‌तास उकळत राहतो. वासाची द्रव्यं उडतात आणि उष्णतेने बिघडणारी बिघडतात. त्यापेक्षा तीन नमुने समांतर तयार करा. पहिला, पाण्यातला काढा, कारण लोक तोच करतात. दुसरा, ७० टक्के इथेनॉलमध्ये तीन दिवस थंड भिजवून काढलेला अर्क. तिसरं, क्लेव्हेंजर उपकरणाने काढलेलं बाष्पनशील तेल. अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर ४०-४५ अंशांच्या पुढे न नेता आटवा. काढा शक्य असेल तर लायोफिलाइझ करा, म्हणजे गोठवून वाळवा, कारण पाण्याचा अर्क तसाच ठेवला तर त्याला दोन दिवसांत बुरशी येते. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेलं काम ताज्या, जून पानांच्या पाण्यातल्या अर्कावर होतं. वापराच्या जवळ राहून प्रयोग करता येतो, हे त्यातून दिसतं.

उतारा, म्हणजे किती सुक्या पाल्यातून किती अर्क निघाला, ही टक्केवारी जपून ठेवा. मात्रेच्या हिशेबात ती लागणार आहे.

अर्कात काय आहे हे सांगायला टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अल्कलॉइडच्या रंगचाचण्या करतातच. त्या करा, पण त्यांवर चार पानं खर्चू नका. हिरव्या पानात फ्लॅव्होनॉइड सापडलं ही बातमी नाही. एचपीटीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजायचं तंत्र) नेगुंडोसाइड, अ‍ॅग्न्युसाइड किंवा कॅस्टिसिन यांपैकी एखादं द्रव्य मोजून घेतलं तर मात्र उपयोग आहे. पुढच्या माणसाला 'माझा अर्क तुमच्यासारखाच आहे का' हे त्याच आकड्यावरून तपासता येईल.

काचेतल्या चाचण्या आणि त्यांची मर्यादा

अंड्यातलं किंवा गाईच्या रक्तद्रवातलं (बोव्हाइन सिरम) अल्ब्युमिन हे प्रथिन तापवून त्याचं गढुळणं अर्क रोखतो का, ही चाचणी स्वस्त आहे आणि म्हणून सगळीकडे दिसते. तांबड्या पेशींचं पटल टिकवण्याची चाचणीही तशीच. दोन्हींचा सुजेशी संबंध दूरचा आहे. शिवाय टॅनिन स्वतःच प्रथिनं साक्याच्या रूपात खाली बसवतं आणि हिरवा-तपकिरी अर्क रंगमापकाला फसवतो. फक्त अर्क घातलेली, प्रथिन नसलेली नळी शून्यासाठी वापरली नसेल, तर त्या आकड्यांना अर्थ नाही. या चाचण्या चाळणी म्हणून वापरा, निष्कर्षासाठी नको.

पेशींवरची चाचणी त्यापेक्षा बरीच बोलकी आहे. आरएडब्ल्यू २६४.७ या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेकडून मागवता येतात. त्यांना जिवाणूंचं लिपोपॉलिसॅकराइड देऊन चेतवायचं, अर्क द्यायचा, आणि सुजेची रासायनिक चिन्हं मोजायची: ग्रीस (Griess) अभिकारकाने नायट्राइट, एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने टीएनएफ-अल्फा व आयएल-६. इथे दोन सापळे आहेत. नायट्राइट कमी झालं, पण पेशीच मेल्या असतील तर? म्हणून त्याच मात्रांवर पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून दाखवणारी एमटीटी चाचणी आधी करा आणि पेशी जिवंत राहतात तेवढ्याच मात्रा पुढे न्या. दुसरं, शेतातून आलेल्या पाल्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (वरचं लिपोपॉलिसॅकराइड तेच) असतंच. नुसत्या अर्कानेच पेशी चेतत असतील तर एंडोटॉक्सिन निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी वापरून ते तपासा.

परवानगी: हे आधी सुरू करा, नंतर नाही

प्राण्यांवरचा कोणताही प्रयोग सीसीएसईए (प्राणिप्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती) नोंदणी असलेल्या संस्थेत, संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीच्या लेखी मंजुरीनंतरच करता येतो. पूर्वी सीसीएसईए ही सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची आणि वरिष्ठ मंडळी अजून तेच नाव घेतात. अर्ज 'फॉर्म बी'मध्ये करायचा असतो. संस्थेतल्या समितीची बैठक रोज बसत नाही. पाला वाळत असतानाच अर्ज टाका. अर्जात प्राण्यांची संख्या का लागते याचा हिशेब असतो. 'प्रत्येक गटात सहा, कारण सगळे सहाच घेतात' हे कारण होत नाही. सोपा मार्ग असा: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा. उत्तर १० ते २०मध्ये यावं. पाच गटांना पाच-पाच प्राणी घेतले तर २५ वजा ५, म्हणजे २०. सहा-सहा घेतले तर २५ येतात, म्हणजे पाच जीव विनाकारण. आधीच्या अभ्यासातून फरकाचा अंदाज असेल तर तो दिसायला किती प्राणी लागतील याचं गणित, म्हणजे पॉवर अ‍ॅनालिसिस करा, ते यापेक्षा चांगलं.

विषारी आहे का, आणि मात्रा किती

तीव्र विषारीपणासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ क्रमांकाची मार्गदर्शिका घ्या. एका पायरीला तीनच प्राणी, सहसा माद्या. रॅट रात्रभर उपाशी, माईस असतील तर तीन-चार तासच. पाजल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नीट लक्ष, पहिल्या चार तासांत विशेष, मग रोज, असे १४ दिवस. किलोला २,००० मि.ग्रॅ. देऊनही काही झालं नाही तर लोक त्याचा दहावा, पाचवा भाग काढून २०० आणि ४०० ठरवतात.

इथे थांबून एक गुणाकार करा. रॅटची मात्रा माणसाला लावताना ६ने गुणून ३७ने भागतात. म्हणजे किलोला ४०० मि.ग्रॅ. हे माणसाला किलोला साधारण ६५ मि.ग्रॅ. झालं. साठ किलोच्या माणसाला जवळपास ४ ग्रॅम अर्क. उतारा १० टक्के असेल तर रोज ३९ ग्रॅम सुका पाला! एवढा कोण खातो? म्हणून खालच्या बाजूला ५० आणि १०० मि.ग्रॅ.ची मात्रा ठेवा. कमी मात्रेत थोडा पण खरा परिणाम दिसणं, प्रचंड मात्रेत मोठा परिणाम दिसण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

पंजाची सूज: कॅरॅजिनन चाचणी

विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२मध्ये मांडलेली ही चाचणी आजही या क्षेत्राचा कणा आहे, म्हणून ती नीट करा.

कॅरॅजिनन हे समुद्री शेवाळातून मिळतं. सलाइनमध्ये त्याचं एक टक्का द्रावण करा. ते लगेच विरघळत नाही, गुठळ्या होतात. वेळ देऊन फुगू द्या. रॅटच्या उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर पक्क्या शाईची बारीक रेघ मारा. प्लेथिस्मोमीटरमध्ये (पाय द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजणारं उपकरण) पाय दर वेळी याच रेघेपर्यंत बुडायला हवा, नाहीतर सूज औषधाने कमी झाली की पाय कमी बुडाला हे कळणार नाही. आधी पायाचं मूळ आकारमान मोजा. मग अर्क पाजा: ०.५ टक्का सीएमसीमध्ये (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, अर्क पाण्यात तरंगता ठेवणारा पदार्थ) एकजीव करून, किलोला १० मि.लि.पेक्षा जास्त नाही. एका गटाला फक्त सीएमसी, एकाला तुलनेसाठी किलोला १० मि.ग्रॅ. इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक, ही रूढ सूजनाशकं. तासाभराने पंजाच्या तळव्यात ०.१ मि.लि. कॅरॅजिनन टोचा. पुढे १, २, ३, ४, ५ आणि २४ तासांनी मोजा.

टोचणारा आणि मोजणारा माणूस एकच नको, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नको. पिंजऱ्यांना सांकेतिक क्रमांक द्या. अर्क हिरवा असतो, प्राण्याच्या तोंडाला लागलेला दिसतो, म्हणून पाजल्यावर तोंड पुसा.

आता या आलेखाचं वाचन, कारण प्रबंध इथेच कमजोर पडतात. पहिल्या तास-दीड तासातली सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनची असते. त्यानंतरची, तीन ते पाच तासांत शिगेला जाणारी, प्रोस्टाग्लँडिनची. इंडोमेथासिन उशिराच्या टप्प्यात चांगलं काम करतं. तुमचा अर्क फक्त पहिल्या तासात सूज कमी करत असेल तर त्याचा रोख हिस्टामिनकडे असण्याची शक्यता जास्त. दोन्ही टप्प्यांत करत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नुसता तिसऱ्या तासाचा 'अमुक टक्के प्रतिबंध' देऊ नका, सगळा आलेख द्या. टक्केवारी काढायची रीत साधी आहे: सीएमसी गटातली सरासरी वाढ उणे औषधगटातली वाढ, भागिले सीएमसी गटातली वाढ, गुणिले १००.

जुनाट संधिवातासाठी फ्रॉइंडच्या अ‍ॅडज्युव्हंटची चाचणी असते (प्रतिकारशक्ती चेतवणारं मिश्रण टोचून सांधे सुजवतात), पण ती आठवडे चालते आणि प्राण्याला खूप त्रास देते. कॅरॅजिननमध्ये ठोस काही दिसल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

वेदना: एका चाचणीने भागत नाही

माईसच्या पोटात ०.६ टक्का अ‍ॅसेटिक आम्ल टोचून शरीर ताणण्याच्या हालचाली मोजणं, ही रायदिंग चाचणी संवेदनशील आहे, पण कशालाही हो म्हणते. स्नायू सैल करणारी, झोप आणणारी औषधंही इथे 'वेदनाशामक' ठरतात. निर्गुडीचा अर्क प्राण्याला सुस्त करत असेल तर तुम्ही फसाल. म्हणून रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, तोल टिकतो का हे वेगळ्या गटात पाहा.

हॉट प्लेट ५५ अंशांवर ठेवतात. प्राणी पंजा चाटतो किंवा उडी मारतो तो क्षण टिपायचा. १५ सेकंदांवर काहीही झालं तरी काढून घ्यायचा, नाहीतर पंजा भाजतो. ही चाचणी मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवरच्या, अफूवर्गीय औषधांसाठी चांगली. डायक्लोफेनॅकसारखी इथे फारशी चमकत नाहीत. तुलनेसाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल लागतं आणि दोन्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतात, ट्रामाडॉल २०१८पासून. ऐनवेळी दुकानातून आणता येत नाही.

एकच चाचणी निवडायची सक्ती असेल तर मी फॉर्मॅलिन घेईन. पंजात थोडं सौम्य फॉर्मॅलिन टोचलं की चाटणं दोन लाटांत येतं: पहिल्या पाच मिनिटांत थेट मज्जातंतूंच्या चेतनेमुळे, आणि पंधरा ते तीस मिनिटांच्या दरम्यान सुजेमुळे. मॉर्फिन दोन्ही लाटा दाबतं, डायक्लोफेनॅक मुख्यतः दुसरी. तुमचा अर्क कुठे बसतो हे एकाच प्राण्यात कळतं.

आता बांधून पाहा

मूळ दावा बाहेरून लावण्याचा होता, हे विसरू नका. बाष्पनशील तेल किंवा अर्क कार्बोपॉल जेलमध्ये घाला आणि माईसच्या कानावर क्रोटन तेलाने आणलेल्या सुजेवर लावा. क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा, हातमोजे घाला. काही तासांनी दोन्ही कानांच्या सारख्या आकाराच्या चकत्या काढून वजनातला फरक घ्यायचा. नुसतं जेल लावलेला गट हवाच, आणि डायक्लोफेनॅक जेलचाही.

आणि शेक? गरम कापडानेही दुखणं कमी होतं. गरम निर्गुडीची बरोबरी गार निर्गुडीशी नाही, तर तितक्याच गरम दुसऱ्या पानाशी करायला हवी. एरंडाचं पान त्यासाठी चालणार नाही, कारण तेही दुखण्यावरच बांधतात. केळीचं चालेल.

आकडेवारीसाठी वन-वे अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) आणि नियंत्रण गटाशी तुलनेला डनेट चाचणी. एकाच प्राण्याची वेळोवेळी मापं असतील तर पुनरावृत्ती गृहीत धरणारी अनोव्हा. सरासरीसोबत एसडी (प्रमाण विचलन) द्या. एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी) दिला की आलेखावरच्या पट्ट्या छोट्या दिसतात, म्हणून तो लोकांना आवडतो. लिखाणासाठी प्राणिप्रयोगांच्या अहवालांसाठीच्या अराइव्ह मार्गदर्शिकेची २०२०ची आवृत्ती समोर ठेवा आणि मेलेल्या, गाळलेल्या प्राण्यांची नोंदही द्या.

माणसांवर जायचं असेल तर

निर्गुडी तेलासारख्या रूढ आयुर्वेदिक औषधावर गुडघेदुखीचा छोटा अभ्यास करणं महाविद्यालयाला शक्य असतं. मानवी नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाच्या भाषेतलं संमतिपत्र, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी. ही नोंदणी २००९पासून बंधनकारक आहे. दुसऱ्या गटाला नुसतं तीळतेल, तितकाच वेळ, त्याच माणसाकडून चोळून. कारण चोळण्याने आणि कोणीतरी लक्ष देण्याने बरंच दुखणं उतरतं. वासावरून रुग्णांना गट ओळखता येईल, तेव्हा शेवटी त्यांना विचारा, 'तुम्हाला कोणतं तेल मिळालं असं वाटतं?' आणि ती उत्तरंही छापा. मोजमापासाठी ० ते १०ची वेदनापट्टी आणि सांधेदुखीसाठीची वोमॅक प्रश्नावली पुरे. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर त्या रुग्णाला अभ्यासात न घेता थेट डॉक्टरकडे पाठवा. तशा सांध्यात पू असू शकतो आणि तो तेलाने बरा होत नाही.